भट्टीतल्या छोट्या काचेच्या ताटल्या: काच मापाने कापा, हिशेब वजनाने ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एक छोटी भट्टी घेतली आहे. १२ ते १५ सेंमी व्यासाच्या गोल ताटल्या दोन थर लावून फ्यूज करता, म्हणजे वितळवून एकजीव करता, आणि मग साच्यावर स्लम्प करता, म्हणजे मऊ करून साच्याच्या आकारात वाकवता. जितकी काच ताटलीत जाते तितकीच डब्यात साठत चालली आहे असं तुम्हाला वाटतं. काही ताटल्या तडकल्या, काहींच्या मधोमध मोठा बुडबुडा आला. कमीत कमी काच वाया जाईल असं शेड्यूल (भट्टीच्या तापमानाचा आणि वेळेचा क्रम) कोणतं, साठलेल्या तुकड्यांचं काय करायचं, आणि त्यात खिडकीची काच किंवा बाटल्या मिसळल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेड्यूल पुढे देतोच, पण तुमचा खरा प्रश्न शेड्यूलचा नाही. काच किती वाया जाणार हे बरंचसं भट्टीचं झाकण लावण्याआधी ठरलेलं असतं, आणि ती बहुतेकांना वाटतं त्या ठिकाणी जात नाही. १५ सेंमीच्या चौरसातून त्याच व्यासाचं वर्तुळ कापलं की चार कोपरे मिळून साडेएकवीस टक्के काच उरते. दोन्ही थर धरून हे कातरण साधारण ७२ ग्रॅम भरतं. पण दोन थरांची तीच गोल ताटली २६५ ग्रॅमची असते. म्हणजे एक ताटली तडकली की साडेतीनहून जास्त ताटल्यांच्या कातरणाइतकी काच एका फटक्यात गेली. शिवाय कातरण स्वच्छ, ओळखीचं आणि पुन्हा वापरण्याजोगं असतं. तडकलेल्या ताटलीचं तसं नसतं. त्यामुळे माझ्या मते आधी तडकणं थांबवायचं, मग कापण्याचा आराखडा सुधारायचा आणि डब्यातल्या तुकड्यांकडे शेवटी वळायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. काच कोणत्या मालिकेची (एकमेकींशी जुळणाऱ्या काचांच्या गटातली) आहे, भट्टीची तापणारी तार छतात आहे की बाजूच्या भिंतींत, भट्टी बंद केल्यावर किती वेगाने थंड होते आणि कंट्रोलर खरं तापमान दाखवतो की दहा-पंधरा अंश इकडेतिकडे, यांवर माझे आकडे थोडे सरकतील. म्हणून ते सुरुवातीचा टप्पा समजा. आपल्या भट्टीत एकदा साधी चाचणी घ्या. भट्टीत काच ठेवायच्या फरशीच्या, म्हणजे शेल्फच्या, चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन थरांचे ५ सेंमीचे चौकोन ठेवून पूर्ण फ्यूज करा, म्हणजे थर सपाट एकजीव होईपर्यंत तापवा. कुठे कडा गोल झाल्या आणि कुठे अजून धारदार राहिल्या ते पाहिलं की भट्टीची गरम आणि थंड बाजू कळते. त्या पाच चौकोनांना लागणारी काच पुढे कित्येक पटींनी वसूल होते.

आता वजनाकडे येतो, कारण मी ज्या पद्धतीने काम करतो ती सगळी याच्यावर उभी आहे. फ्यूजिंगची साधी शीट साधारण ३ मिमी जाडीची असते. पूर्ण फ्यूजच्या तापमानाला काच मऊ होते तेव्हा गुरुत्वाकर्षण तिला पसरवू पाहतं आणि पृष्ठताण तिला आत ओढू पाहतो. या दोघांची बरोबरी सहा ते सात मिमी जाडीच्या आसपास होते. म्हणून ३ मिमीचे दोन थर लावले की ताटली जवळजवळ कापलेल्या मापाचीच बाहेर येते. एकच थर ठेवला तर काच आत ओढली जाते, कडा जाड होतात, बाजू आत वाकतात आणि मधला भाग पातळ पडून कधी भोकही पडतं. तीन थर ठेवले तर ती बाहेर वाहते आणि रेखीव आकार जातो.

यातून हाती लागणारा आकडा असा. फ्यूजिंगच्या काचेची घनता दर घन सेंमीला साधारण अडीच ग्रॅम असते. त्यामुळे ६ मिमी जाडीच्या ताटलीला दर चौरस सेंमीला दीड ग्रॅम काच लागते. १० सेंमीच्या चौरसाला १५० ग्रॅम, १५ सेंमीच्या चौरसाला सुमारे ३३७, १२ सेंमीच्या वर्तुळाला सुमारे १७०. एका थराला याच्या निम्मं, म्हणजे दर चौरस सेंमीला पाऊण ग्रॅम. वजनकाटा हाताशी असला की दुसरा थर एकसंध असण्याची सक्ती राहत नाही. तो पट्ट्यांचा, कोपऱ्यांचा किंवा जाड चुऱ्याचा असला तरी वजन बरोबर असेल आणि काच सारखी पसरलेली असेल तर ताटली सहा मिमीचीच होईल. कातरण 'उरलेलं' न राहता कच्चा माल होतं, ते इथे.

हे लक्षात आलं की कापण्याचा विचारही बदलतो. आधी ताटली ठरवून मग ती शीटमध्ये बसवू नका. शीट समोर ठेवा आणि तिच्यातून ताटलीचं माप काढा. समजा शीट ३० सेंमी चौरस आहे. १४ सेंमीच्या ताटल्या काढल्या तर चार निघतात आणि दोन बाजूंना दोन सेंमीच्या पट्ट्या उरतात, म्हणजे जवळपास तेरा टक्के. १६ सेंमीची ठरवली तर चौरस एकच निघतो. १५ सेंमीच्या चार, १० सेंमीच्या नऊ किंवा १० बाय १५ च्या सहा निघतात आणि उरत काहीच नाही. साचे विकत घेण्याआधी हा हिशेब करा. शीटचं माप, साच्याचं माप आणि शेल्फचं माप एकमेकांना भागत असेल तर पुढची निम्मी कटकट संपते. ताटली साच्याच्या काठापेक्षा दोन-तीन मिमी लहानच हवी, नाहीतर ती काठावर अडकते आणि वाकडी बसते. हे दोन-तीन मिमीही आधीच धरा.

गोल ताटलीचा हट्ट सोडता येतो का, हेही पाहा. मला स्वतःला कोपरे मारलेला चौकोन आवडतो. १५ सेंमीच्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यातून दोन-दोन सेंमी बाजूंचा त्रिकोण काढला तर जेमतेम साडेतीन टक्के काच निघते, आणि पूर्ण फ्यूजमध्ये ते कोन आणखी मवाळ होतात. निघालेले त्रिकोण सरळ कडांचे असल्यामुळे नक्षीला थेट वापरता येतात. वर्तुळाच्या बाहेरचे वक्र तुकडे मात्र कशालाच नीट लागून बसत नाहीत. गोलच हवी असेल तर खालचा थर गोल कापा आणि वरचा थर तुकड्यांनी भरा. कातरण लगेच निम्मं होतं.

कापताना शक्यतो रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी काच राहील असं बघा. शीट आधी अर्धी करा, मग त्या अर्ध्याची अर्धी. मोठ्या शीटच्या कडेवरून एक सेंमीची पट्टी थेट काढायला गेलं की तडा अरुंद बाजूकडे वळतो आणि पट्टी मध्येच तुटते. रेघ एकदाच मारा. कटरचा बारीक, सलग आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवला तर चाकाची धार जाते आणि काच वाटेल तिकडे फुटते. आणखी एक लहानशी सवय सांगतो, तिने माझी फार काच वाचली आहे: शीटवरचं लेबल ज्या कोपऱ्यात असेल तो कोपरा सगळ्यात शेवटी कापायचा. शेवटच्या तुकड्यापर्यंत ती काच कोणत्या मालिकेची आहे ते माहीत राहतं.

खिडकीच्या काचेचा आणि बाटल्यांचा प्रश्न इथेच येतो. त्याचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. दोन काचा एकत्र वितळतात, पण थंड होताना त्या सारख्याच प्रमाणात आकसल्या पाहिजेत. शीटवर ९० किंवा ९६ असा सीओई, म्हणजे उष्णतेने काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा, लिहिलेला असतो. ९० चा अर्थ असा की तापमान एका अंश सेल्सिअसने वाढलं की काचेची लांबी एक कोटीत सुमारे ९० भागांनी वाढते. हा फरक कागदावर नगण्य दिसतो, पण गोठलेली काच लवचीक नसते आणि शेकडो अंश थंड होईपर्यंत ताण साठत जातो. ९० आणि ९६ एकत्र फ्यूज केल्या तर ताटली भट्टीतच तडकेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे काही आठवड्यांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या दुभंगेल. आकडा जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. काच कोणत्या तापमानाला किती घट्ट होते, यावरही जुळणं अवलंबून असतं. म्हणून उत्पादक आपल्या मालिकेतल्या काचा प्रत्यक्ष एकत्र फ्यूज करून तपासतात. बुलसाय कंपनीची काच ९० च्या मालिकेत येते आणि ओशनसाइड कंपनीची ९६ च्या. जुन्या डब्यांत स्पेक्ट्रम कंपनीचं 'सिस्टिम ९६' असं लेबल असलेले तुकडे सापडले तर ते ९६ च्या डब्यात जातील. स्पेक्ट्रमने २०१६ मध्ये काम थांबवल्यावर ती मालिका ओशनसाइडकडे गेली.

खिडकीची फ्लोट काच आणि बाटल्या यांच्याशी यातलं काहीच जुळत नाही. फ्लोट काच एकाच शीटमधून कापलेल्या तुकड्यांशी फ्यूज होते आणि बाटली त्याच बाटलीच्या तुकड्यांशी. दोन निराळ्या बाटल्या दिसायला सारख्या हिरव्या असल्या तरी भरवसा नाही. हे काम करायचं असेल तर अवश्य करा, पण वेगळा डबा, वेगळी फायरिंग आणि वेगळं तापमान ठेवा. फ्लोट काचेला पूर्ण फ्यूजसाठी आणि ॲनिलिंगसाठीही (आतला ताण निघावा म्हणून ठरावीक तापमानाला थांबून काच सावकाश थंड करणं) जास्त उष्णता लागते, आणि तिच्या पृष्ठभागावर पांढुरकी साय लवकर धरते. या सायीला डिव्हिट्रिफिकेशन म्हणतात. काचेचा एखादा अनोळखी तुकडा डब्यात मिसळला की सगळा डबा संशयास्पद होतो. म्हणून ज्या तुकड्याची मालिका माहीत नाही तो मी वापरतच नाही, कितीही सुंदर असला तरी.

तुकडा शंकास्पद पण मोठा असेल तर तपासता येतो. तुमच्या खात्रीच्या पारदर्शक काचेची एक पट्टी घ्या. तिच्यावर त्या काचेचा नखाएवढा कपचा ठेवा. शेजारी थोड्या अंतरावर त्याच पारदर्शक काचेचा कपचा ठेवा. पूर्ण फ्यूज करून नीट ॲनिल करा. मग पट्टी दोन पोलरायझिंग फिल्मच्या मध्ये धरा. एक फिल्म काटकोनात फिरवून पार्श्वभूमी काळी करा आणि मागून उजेड द्या. संशयित कपच्याभोवती उजळ प्रभावळ दिसली तर ताण आहे, काच जुळत नाही. पारदर्शक कपच्याभोवतीही उजेड दिसला तर दोष काचेचा नसून ॲनिलिंगचा आहे. तो दुसरा कपचा नसेल तर चाचणी काहीच सांगत नाही, म्हणून तो विसरू नका.

आता तुकड्यांच्या डब्याकडे. रंगांप्रमाणे लावण्याआधी आकाराप्रमाणे लावा. पाच सेंमीहून मोठे, लांब पट्ट्या, अंगठ्याएवढे आणि बारीक. मग प्रत्येक गटात पारदर्शक व अपारदर्शक वेगळे करा. नवशिक्याने पहिली ताटली अशी करावी: खाली पारदर्शक काचेचा एक पूर्ण थर आणि वर तुकडे, दर चौरस सेंमीला पाऊण ग्रॅम. १५ सेंमीच्या चौरसाला साधारण १६९ ग्रॅम तुकडे काट्यावर मोजून घ्यायचे आणि तेवढेच बसवायचे. कमी पडले तर उघडी राहिलेली जागा पातळ राहते, आत ओढली जाते आणि बुडबुडा नेमका तिथूनच वर येतो. तुमच्या ताटल्यांच्या मधोमध आलेले बुडबुडे बहुधा याच जातीचे आहेत. कडेला जड तुकड्यांची सलग किनार लागली की खालची हवा कोंडते. बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती सगळ्यात पातळ जागा फुगवते. किनारीत कोपऱ्यांजवळ फटी ठेवा आणि मधला भाग कडेपेक्षा किंचित भरीव ठेवा, म्हणजे मऊ होताना काच मधून बाहेरच्या दिशेने बसते आणि हवा कडेकडे ढकलली जाते. तुकडे खाली आणि पूर्ण शीट वर अशीही रचना करता येते, पण तुकड्यांमधली हवा शीटखाली अडकते. ती नंतरसाठी ठेवा.

पट्ट्यांचा उपयोग मला सगळ्यात समाधानाचा वाटतो. उरलेल्या सगळ्या काचा ६ मिमी रुंदीच्या पट्ट्यांत कापायच्या आणि त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, एकमेकींना चिकटवून मांडायच्या. पट्टीची रुंदी हीच ताटलीची जाडी होते, त्यामुळे वजन आपोआप बरोबर येतं. १० सेंमीच्या चौरसाला अशा साधारण ३३ पट्ट्या लागतात. दोन्ही बाजूंना फायबर पेपर (उष्णता सोसणारा तंतूंचा कागद) गुंडाळलेल्या शेल्फच्या पट्ट्यांचा बांध लावा, नाहीतर रांग आडवी होते. शीटमध्ये कधी दिसत नाहीत असे रंगांचे पट्टे यात मिळतात. हे तंत्र फार जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन काळातले पट्टेदार काचेचे वाडगे असेच रंगीत पट्ट्या शेजारी मांडून, एकत्र वितळवून आणि मग साच्यावर वाकवून केलेले आहेत.

अगदी बारीक तुकड्यांचा चुरा म्हणजे फ्रिट करा. तुकडे जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा किंवा पोलादी खलात कुटा. डोळ्यांना चष्मा आणि धुळीसाठी योग्य रेस्पिरेटर, दोन्ही हवेतच. कुटल्यावर चुऱ्यातून चुंबक फिरवा, पोलादाचा कण राहिला तर त्याचा काळा डाग पडतो. मग पाण्याने धुवा, कारण अगदी बारीक पूड राहिली की ताटली दुधाळ होते. जाड फ्रिटमध्ये बुडबुडे कमी पण मोठे असतात, बारीक फ्रिटमध्ये असंख्य आणि सूक्ष्म. पारदर्शकपणा हवा असेल तर जाड वापरा. गोल ताटली निव्वळ फ्रिटची करायची असेल तर फायबर पेपरच्या कड्यात दर चौरस सेंमीला दीड ग्रॅम ओता. कडं तयार ताटलीच्या जाडीपेक्षा तीन मिमी बुटकं ठेवा, नाहीतर काच त्याला चिकटून खाली बसते आणि कडेला सुयांसारखी टोकं राहतात.

रंगांचं एक भान ठेवा. सगळे रंग एकत्र कुटले की मातकट तपकिरी रंग येतो, आणि तो काही केल्या उजळत नाही. उबदार रंगांचा चुरा वेगळा ठेवा, निळा-हिरवा वेगळा, आणि प्रत्येकात निम्म्याहून जास्त पारदर्शक काच घाला. गंधक किंवा सेलेनियम असलेले पिवळे, नारिंगी, लाल रंग तांबं असलेल्या फिरोजी काचेला लागले तर सांध्यावर गडद रेघ उमटते. ती हवी असेल तर सुरेख दिसते, पण अनपेक्षित आली तर ताटली वाया गेल्यासारखी वाटते. कोणता रंग कशाशी प्रतिक्रिया देतो हे उत्पादकाच्या तक्त्यात असतं, ते एकदा वाचून डब्यावर लिहून ठेवा.

आता शेड्यूल. खालचे आकडे ९० च्या मालिकेसाठी, दोन थरांच्या म्हणजे ६ मिमीच्या छोट्या ताटल्यांसाठी आहेत. तासाला २२० अंश सेल्सिअसच्या वेगाने ६७५ पर्यंत जा आणि तिथे ३० मिनिटं थांबा. हा थांबा हवा बाहेर जाण्यासाठी आहे. काच मऊ होऊन बसत असते पण कडा अजून बंद झालेल्या नसतात. वर तुकडे असतील तर वेग तासाला १५० ठेवा आणि ६०० ते ६७५ चा पल्ला आणखी सावकाश पार करा. तिथून तासाला ३३० च्या वेगाने ८०४ पर्यंत जा आणि १० मिनिटं थांबा. इथे घाई मुद्दाम आहे, कारण ७०० ते ८०० च्या दरम्यान काच रेंगाळली की ती साय धरते. मग भट्टीला तिच्या चालीने ४८२ पर्यंत उतरू द्या, झाकण उघडू नका. ४८२ ला एक तास थांबा, नंतर तासाला ८० अंशांनी ३७० पर्यंत आणि पुढे भट्टी बंद करून खोलीच्या तापमानापर्यंत. ९६ च्या मालिकेत फ्यूज थोड्या कमी तापमानाला होतो आणि ॲनिलिंग साधारण ५१० ला असतं. त्या काचेच्या उत्पादकाचे आकडे घ्या, माझे नव्हे.

छोट्या भट्ट्या झपाट्याने थंड होतात, म्हणून ४८२ ते ३७० चा उतार कंट्रोलरवर लिहिलेला असलाच पाहिजे. 'लहान ताटली आहे, चालेल' असं म्हणून तो टप्पा गाळला जातो आणि काच तिथेच जाते. ताटलीची जाडी असमान असेल, म्हणजे टॅक फ्यूजमध्ये (काच सपाट न होता नुसती चिकटेल इतकंच तापवणं) तुकडे उंचवट्यासारखे राहिले असतील, तर तिला जाडीच्या दुप्पट समजून ॲनिल करा. म्हणजे ६ मिमीच्या जागी १२ मिमीचं शेड्यूल: दोन तास थांबा आणि उतार पुष्कळ हळू.

स्लम्पिंगच्या वेळी चढण्याचा वेग कमी ठेवा, तासाला दीडशेच्या आसपास. पहिल्या फायरिंगला तीन मिमीचे दोन वेगळे थर होते, आता सहा मिमीचा एकसंध तुकडा आहे आणि तो कडेकडून साच्यावर टेकलेला आहे. त्याला उष्णतेचा धक्का जास्त बसतो. ६५० च्या आसपास दहा मिनिटं साधारण पुरतात, पण हे साच्याच्या खोलीवर फार अवलंबून आहे, म्हणून पहिल्या वेळी झडपेतून डोकावून पाहा. साच्याची हवेची भोकं उघडी आहेत ना, तेही बघा. नंतर ॲनिलिंग पहिल्यासारखंच.

तडकलेली ताटली टाकण्याआधी तिच्याकडे नीट पाहा, कारण तडा कधी आणि का गेला हे ती सांगते. तड्याच्या कडा गोल, वितळलेल्या असतील तर काच वर चढताना तडकली, म्हणजे वेग जास्त होता. कडा धारदार असतील तर उतरताना किंवा त्यानंतर तडकली. तडा एखाद्या रंगाच्या सीमेला धरून गेला असेल तर काचा जुळत नाहीत. ताटलीभर नागमोडी, एस आकाराचा धारदार तडा असेल तर ॲनिलिंग कमी पडलं. खालून शेल्फला चिकटून तुटली असेल तर किल्न वॉशचा, म्हणजे काच चिकटू नये म्हणून शेल्फला लावायच्या लेपाचा, दोष. चढताना तडकलेले तुकडे स्वच्छ असतील तर पुन्हा जोडून फ्यूज करता येतात. रंगाच्या सीमेवर तडकलेले मात्र परत डब्यात टाकू नका, तो ताण पुढच्या ताटलीत जाईल.

किल्न वॉशचं निघालं म्हणून सांगतो. पूर्ण फ्यूजच्या प्रत्येक फेरीनंतर जुना थर खरवडून नवा लावा. दोन वेळा वापरायचा मोह होतो, पण जुना थर काचेच्या तळाला चिकटतो आणि तो निघत नाही. मऊ ब्रशने पातळ चार-पाच हात, प्रत्येक वेळी दिशा बदलून, आणि पूर्ण वाळवून. खरवडताना रेस्पिरेटर लावा. स्लम्पिंगच्या साच्याला मात्र तोच लेप पुष्कळ वेळा चालतो.

शेल्फ अर्धं रिकामं ठेवून भट्टी लावणं हीसुद्धा नासाडीच आहे, विजेची आणि तुमच्या वेळेची. सारख्या जाडीच्या ताटल्या साठवून एकदम लावा. एकमेकींपासून दीड सेंमी, आणि बाजूला तार असेल तर भिंतीपासून चार-पाच सेंमी अंतर ठेवा. उरलेल्या फटींत लहान पेंडंट किंवा चाचणीच्या पट्ट्या बसवता येतात. जाड आणि पातळ वस्तू एकत्र लावल्या तर शेड्यूल सगळ्यात जाड वस्तूचं घ्या.

काही काच टाकावीच लागते, आणि ती वेळेवर टाकणं हेही काच वाचवणंच आहे. किल्न वॉश चिकटलेले तुकडे, साय धरलेले, ग्राइंडरचा गाळ आणि अनोळखी काच यांना डब्यात जागा देऊ नका. गाळ मोरीत ओतू नका, बादलीत बसू द्या आणि वरचं पाणी काढून घट्ट झालेला थर कचऱ्यात टाका. ग्राइंडरवर घासलेल्या कडा धुवून, ब्रशने साफ करून मगच भट्टीत लावा. चरांत राहिलेली पूड हीच बहुतेकदा कडेवरच्या सायीचं कारण असते. तुकड्यांच्या ताटलीत अन्न ठेवायचं असेल तर त्यातली प्रत्येक काच अन्नासाठी चालते असं उत्पादकाने सांगितलेलं हवं. काही रंगांत कॅडमियम किंवा शिसं असतं. डायक्रोइक आणि इरिडाइज्ड, म्हणजे काचेवरचे चमकदार धातूचे, लेप पारदर्शक थराखाली असले पाहिजेत. खात्री नसेल तर ती ताटली किल्ल्या, अंगठ्या, सुट्टे पैसे ठेवायला द्या.

तुम्ही नेमकं कुठून सुरुवात करावी, हेही सांगतो. नवीन काच कापू नका. आहे त्या डब्यातून मालिका पक्की माहीत असलेले तुकडेच बाजूला काढा. पारदर्शक काचेचे १० सेंमीचे चार चौकोन घ्या, प्रत्येकावर ७५ ग्रॅम तुकडे काट्यावर मोजून बसवा, आणि चारही एकाच फेरीत सावकाश चढवून फ्यूज करा. बाहेर आल्यावर स्लम्प करण्याआधी प्रत्येक ताटली पोलरायझिंग फिल्ममधून पाहा. तिच्यात कुठेही उजळ डाग दिसला नाही, तरच ती साच्यावर ठेवा. दिसला तर त्या ताटलीत कोणते तुकडे होते ते लिहून घ्या आणि डब्यातून तो रंग काढून त्याची कपच्याची चाचणी करा.